शालनसाठी सँटोरिनी

माने अण्णांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, कात्री असायची. लाल मुठीची, द्राक्षाची काडी छाटायची कात्री. आणि हे कुठे, तर कुवेतमध्ये, जिथे रस्त्याकडेला एखादं हिरवं झाड दिसलं तर माणसं गाडी हळू करून बघतात. बागवान गवंड्याची थापी घेऊन हिंडला तर जितकं विचित्र दिसेल, तितकेच अण्णा आमच्या हॉस्पिटलच्या गुळगुळीत फरशीवरून ती कात्री खिशात घालून फिरताना दिसत.

ते एक्स-रेची यंत्रं दुरुस्त करत आणि मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये होते. आमची ओळख सुईनेच झाली. साखर तपासून घ्यायला म्हणून ते आले, डावा हात माझ्यासमोर ठेवला, आणि मी शीर शोधतेय तोवर उजव्या हाताने टेबलावरच्या माझ्या मनीप्लँटची निम्मी पानं उतरवली. मी ओरडले तर म्हणाले, "ताई, ह्येला जरा हलकं करायला पायजे हुतं. बघा आता कसा फुटतोय."

तो फुटला नाही. आठवडाभरात वाळून गेला.

अण्णांनी छाटलेली निम्मी झाडं जगत आणि निम्मी मरत. त्यांना कुणी हातही लावला नसता तरी साधारण असंच झालं असतं, असं माझा नवरा श्रीकांत म्हणे. पण अण्णांचा उत्साह कमी होत नसे. आमच्या मुदीरसाहेबांच्या, म्हणजे हॉस्पिटलच्या प्रमुखांच्या, ऑफिसबाहेर एक बोगनवेल होती. अख्ख्या आवारात डोळ्यांना थंडावा देणारी तेवढी एकच गोष्ट. एका सकाळी मुदीरसाहेब आले तर तिथे नुसते खुंट उभे होते. अण्णांना बोलावणं गेलं. हा माणूस आता पुढच्या विमानाने घरी जाणार, असं आम्ही सगळे धरून चाललो. अण्णा आत गेले, अर्ध्या अरबीत आणि अर्ध्या सांगली-हिंदीत काहीतरी बोलले आणि हसत बाहेर आले. नशीब असं, की ही बोगनवेल जगणाऱ्या निम्म्यांतली निघाली. पुढच्या हिवाळ्यात ती अशी काही फुलली की मुदीरसाहेब स्वतःहून अण्णांना सलाम करायला लागले. अण्णा मला म्हणाले, "मी काय केलं न्हाई. आमची शालन म्हणती, येल रागावला की फुलतोय. मी त्येला राग आणला, बास."

"आमची शालन म्हणती" हे अण्णांचं पालुपद. त्यांच्या पिढीचा, तासगावकडचा माणूस चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. 'आमच्या घरातली' म्हणून भागवतो. अण्णा दर तिसऱ्या वाक्याला शालन म्हणायचे. जगातला कुठलाही विषय काढा, त्यावर शालनचं मत असे. शुवैखच्या बंदरात उतरलेल्या सफरचंदांवर असे, अमेरिकेच्या राजकारणावर असे, आणि मी केलेल्या साबुदाण्याच्या खिचडीवरही असे. ते मत अण्णा इतक्या आदराने सांगत, की बाईंना कधी न बघताच मला त्यांचा धाक वाटायला लागला होता.

हळूहळू खरी गोष्ट कळली. तासगाव तालुक्यात त्यांची द्राक्षबाग होती. अण्णांची म्हणजे शालनवहिनींचीच. लावली त्यांनी, वाढवली त्यांनी. औषध कधी मारायचं, पाणी कधी तोडायचं, घड किती ठेवायचे हे सगळं त्या ठरवत. अण्णा दरवर्षी ऑक्टोबरच्या छाटणीला रजा घेऊन घरी जात, पण छाटायला नव्हे. वहिनी छाटत आणि अण्णा खाली पडलेल्या काड्या गोळा करत. "मला कात्री लावू देत न्हाई ओ ती," ते अगदी सहज सांगायचे. "म्हणती, तुमचा हात जड हाय." दिरालाही वहिनी बागेच्या बांधाच्या आत येऊ देत नसत. तासगावात जे करायला मिळायचं नाही, ते अण्णा कुवेतच्या झाडांवर करून घेत होते.

मूलबाळ नव्हतं. अण्णांची एकच इच्छा होती: शालनने एकदा तरी विमानात बसावं, समुद्र ओलांडावा, आणि नवऱ्यासोबत काहीतरी बघावं. काहीही, पण दोघांनी मिळून. दर ऑक्टोबरला ते विचारत आणि दर ऑक्टोबरला एकच उत्तर घेऊन परत येत. "मी आले तर बागंकडं कोण बघंल?" त्यांनी कुवेतच्या सोन्याच्या बाजाराचं वर्णन करून पाहिलं, दस्मानच्या समुद्राचं करून पाहिलं, एकदा तर बर्फ पडणाऱ्या देशाचंही आमिष दाखवलं. वहिनी म्हणाल्या, बर्फ पडतोय म्हणजे गारपीटच की, ती बघायला पैसे घालून कशाला जायचं? 

नव्वद सालच्या बकरीदच्या सुट्टीची ही गोष्ट. हसनभाई, मूळचे रत्नागिरीकडचे, एका ट्रॅव्हल ऑफिसात तिकिटं काढून देत. सुट्टीच्या आधी ते आमच्या घरी एक रंगीत पत्रक घेऊन आले. "वहिनी, ग्रीसला जाऊन येऊ. सँटोरिनी म्हणून बेट आहे, ज्वालामुखीतून वर आलेलं. तिकडे एक दिवसाची गाइडवाली टूर असते. समुद्र, काळी वाळू, लाल डोंगर, आणि शेवटी द्राक्षमळे." 

श्रीकांतचे कान द्राक्षमळ्याला टवकारले, कारण पत्रकात पुढे 'वाइनची चव' असं लिहिलेलं होतं. कुवेतमध्ये दारूबंदी. हा बिचारा कित्येक महिने लिंबू-सरबतावर होता. पण त्याच्याहून जास्त टवकारले ते चहा पीत बसलेल्या अण्णांचे.

"दुसऱ्याची बाग बघायला मिळती?"

"मिळते की."

अण्णांनी कपबशी खाली ठेवली. "मग ती येती बघा. समुद्रासाठी न्हाई यायची, सोन्यासाठी न्हाई यायची. पण दुसऱ्याची बाग बघून नावं ठेवायला ती कुटंबी जाईल."

मात्र आधी आपण एकदा जाऊन यायचं, असं त्यांनी ठरवलं. मुलगी द्यायच्या आधी घरातलं एक माणूस जाऊन घरदार बघून येतं ना, तसं. सगळं नीट बघायचं, आणि दिवाळीनंतर, छाटणी उरकली की, शालनला घेऊन यायचं. व्हिजिट व्हिसाचं हसनभाई बघतील. म्हणून त्या सहलीत आम्ही तिघं मौज करायला गेलो आणि माने अण्णा पाहणी करायला आले.

गाइड होती एलेनी नावाची तरुण ग्रीक मुलगी. हातात मिटलेली पिवळी छत्री उंच धरून ती पुढे चालायची आणि आम्ही, दोन जर्मन जोडपी आणि काही इंग्लिश म्हाताऱ्या, मागे. पहिला थांबा कड्यावर. खाली खोल निळा समुद्र, त्यात मधोमध जळून काळं पडलेलं छोटं बेट, आणि भोवती पांढरी घरं. ती जागाच अशी होती की सगळे गप्प झाले. एलेनी हळू आवाजात सांगायला लागली, की हजारो वर्षांपूर्वी इथे डोंगराचं पोट फुटलं आणि मधला भाग समुद्रात बसला.

"एक्स्क्यूज मी," अण्णा म्हणाले. "टॉयलेट किदर?"

तिने दाखवलं. अण्णा गेले नाहीत. नुसतं बघून ठेवलं. मग विचारलं, इथे बसायला सावली कुठे? पायऱ्या किती उंच? गाढवावर न बसता खाली जाता येतं का? गाढव लाथ मारतं का? प्यायचं पाणी गोडं की मचूळ? एलेनीने आधी हसून उत्तरं दिली, मग न हसता दिली. शेवटी तिने विचारलं, तुम्हाला काही त्रास होतोय का? 

"नॉट मी. माय वाइफ. नी पेन."

"ओह! व्हेअर इज युवर वाइफ?"

"तासगाव," अण्णा म्हणाले.

बिचारी मागे वळून बसच्या खिडक्यांकडे बघायला लागली.

काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर अण्णांनी बूट काढून वाळूत पाय ठेवला आणि टुणकन उडी मारून बाहेर आले. "तापतीय. हितं सकाळी आणायला पायजे तिला." जेवणाच्या हॉटेलात त्यांनी टोमॅटोची भजी, डाळीचं पिठलं म्हणावं असं काहीतरी आणि दही, सगळं थोडं थोडं चाखून बघितलं. प्रत्येक घासानंतर डोळे मिटून ते क्षणभर थांबायचे. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "शालन काय म्हणंल त्येचा इचार करतोय." शालनवहिनी म्हणाल्या असत्या की दही बरं आहे, बाकीच्याला फोडणी नाही. त्यावर आमचं सगळ्यांचं एकमत झालं.

दुपारी द्राक्षमळा आला.

तिथे वाऱ्याने उभं राहवत नव्हतं. दगडधोंडे, राखेसारखी करडी माती, कुठे पाण्याचा पाट नाही, ठिबक नाही, मांडव तर नाहीच. आणि त्या मातीवर, थेट जमिनीवर, वेल पसरलेले. गोल गोल वळलेले, चुंबळ करून टाकावी तसे. 

अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी चौफेर बघितलं आणि माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, मालक वारला का काय हो?"

"का?"

"मांडव कुनी उतरून नेलाय बघा. येल भुईला पडल्यात. बाग बेवारस दिसतीय."

एलेनी आम्हाला चव घ्यायला आत घेऊन गेली. गार, अंधारं तळघर. ग्लास मांडलेले. अण्णा पीत नाहीत, हसनभाई पीत नाहीत, मी पीत नाही. श्रीकांतने चौघांची जबाबदारी एकट्याने घेतली आणि ती मनापासून पार पाडली. इथली गोड वाइन द्राक्षं उन्हात वाळवून करतात, असं एलेनीने सांगितलं, तेव्हा हसनभाई म्हणाले, "अण्णांना सांगू नका. एवढ्या बेदाण्याची दारू केली म्हणून रडतील मेले." आणि तेव्हाच आमच्या लक्षात आलं की अण्णा आत आलेच नाहीत.

बाहेरून आरडाओरडा ऐकू आला.

जाऊन बघतो तर डोक्याला काळा रुमाल बांधलेली एक ग्रीक म्हातारी अण्णांवर तोंड टाकत होती. अण्णांनी तीन वेल जमिनीवरून सोडवून उभे केले होते. एकाला आधार कुंपणाच्या खांबाचा, आणि बांधलेला स्वतःच्या बुटाच्या नाडीने. दुसऱ्याला दुसऱ्या बुटाची नाडी. तिसऱ्याला गळ्यातला रुमाल. वेल वाऱ्यात फडफडत होते आणि अण्णा नाडी नसलेले बूट घालून, हात जोडून समाधानाने उभे होते. बेवारस बागेला आधार देऊन आपण पुण्य केलं, असा त्यांचा समज होता.

म्हातारीने पुढे होऊन त्यांच्या हातावर फाडकन चापट मारली.

आम्ही हबकलो. एलेनी धावली. आणि अण्णा? अण्णांचा चेहरा उजळला होता. "ताई, बघितलंत? अगदी आमच्या शालनवानी! हात बी तसाच, कडक."

एलेनीने दोन्हीकडचं समजावून सांगितलं. मालक मेलेला नाही, ही आजीच मालक आहे. इथला वारा उभा वेल मोडून टाकतो, म्हणून तो वर्षानुवर्षं वळून वळून टोपलीसारखा करतात. घड आत राहतात, पानं वरून झाकतात. पाऊस नाही, पण समुद्रावरून धुकं येतं, ही माती ते धरून ठेवते, तेवढ्यावर वेल जगतो. अण्णा ऐकत होते आणि एकेक नाडी सोडत होते. मग आजींनी त्यांना खाली बसवलं आणि एक वेल वळून दाखवला. अण्णांनी वळला. आजींनी त्यांचा उलगडून पुन्हा स्वतः वळला. अण्णा पुन्हा खूश.

निघताना ते एलेनीला म्हणाले, आस्क हर, ती ही बाग सोडून कुठं गेलीय का?

आजी म्हणाल्या, एकदा अथेन्सला. दवाखान्यात. लगेच परत आले.

आणि नवरा?

नवरा जहाजावर होता. जन्मभर. वर्षातून एकदा यायचा.

अण्णा पुन्हा त्यांच्याजवळ उकिडवे बसले. "त्येला वाटायचं न्हाई, हिनं एकदा आपल्यासंगं यावं?"

एलेनीने विचारलं. आजींनी खांदे उडवले आणि पानं सारखी करता करता काहीतरी म्हणाल्या. "ती म्हणते," एलेनी म्हणाली, "वाटत असेल. तो कधी बोलला नाही, आणि तिनेही विचारलं नाही. आता म्हातारा होऊन घरी आला तर दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते कळत नाही."

परतीच्या बसमध्ये श्रीकांत गात होता, हसनभाई त्याला आवरत होते. अण्णा खिडकीशी बसून सोडवलेल्या नाड्या बुटांत ओवत होते. सगळ्या वाटेत "आमची शालन म्हणती" एकदाही आलं नाही.

पण कुवेतला उतरल्यावर त्यांच्यात जोर संचारला. आता नुसतं विचारायचं नाही, शालनला सगळं पाठच म्हणून दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं. जेवणाच्या सुट्टीत हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये ते तालीम करायचे. सळईसारखा ताठ हात वर करून, एलेनीची छत्री धरल्यागत, टेबलांमधून चालायचे. "हितं कडा. खाली बघायचं न्हाई, गरगरतंय. हितं बसायचं. हितं शालन दमती, पाणी प्यायचं." मी, हसनभाई, एक केरळी नर्स आणि दोन इजिप्शियन वॉर्डबॉय मागे मागे. सगळं हॉस्पिटल हसे, आणि सगळ्या हॉस्पिटलला शालन कधी येणार ते माहीत होतं.

मग ऑगस्ट उजाडला. एका पहाटे आम्ही तोफांच्या आवाजाने जागे झालो. आमचं घर दस्मानजवळ, राजवाड्यापासून फार लांब नाही. खिडकीच्या काचा थरथरत होत्या आणि रस्त्यावर इराकी रणगाडे होते. अख्खा दिवस आम्ही न्हाणीघरात बसून काढला. दुसऱ्या दिवशी अण्णा, कुठून कसे वाट काढत आले देव जाणे, दारात उभे. "चला. पिशवी घ्या. माज्याकडं चला. तिकडं रणगाड्याला बघण्यासारखं काय न्हाई."

त्यांच्याकडे म्हणजे जलीब अल शुयूखला. एका खोलीत सात-आठ पुरुष, एकावर एक पलंग, दोरीवर वाळत घातलेल्या लुंग्या. सुतार, ड्रायव्हर, एक बिहारी आचारी. माझ्यासारख्या बाईला तिथे आणायचं म्हणून त्या सगळ्यांनी मिळून खोलीचा एक कोपरा रिकामा केला आणि मधे चादर टांगली. हसनभाईही थोड्या दिवसांनी तिथेच आले. सकाळी पुरुष खुबूसच्या रोट्या आणायला बेकरीच्या रांगेत उभे राहत. मग दिवसभर करायला काहीच नसे. फोन बंद, टपाल बंद. घरी काय चाललंय, आपण जिवंत आहोत हे त्यांना कळलंय की नाही, काही पत्ता नाही. माणसं भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

अण्णांनी तिथे सँटोरिनी सुरू केली.

हॉस्पिटलात ते रोज जायचे, एक्स-रेचं यंत्र चालू ठेवायला माणूस पाहिजे म्हणून. दुपारी परत आले, की हातपाय धुवून टूर. हिंदीत, कारण खोली सगळ्या मुलखांची. "तो देखो, ये पलंग मतलब कडा. इदर से नीचे समुंदर. आवाज मत करो, गाइड बाई गुस्सा होती." लुंग्यांच्या दोरीखालून वाकून आम्ही काळ्या वाळूवर जायचो. वाळू तापायची म्हणून सगळे चवड्यांवर चालायचे. द्राक्षमळ्यात अण्णा स्वतः म्हातारी व्हायचे आणि सुताराच्या हातावर चापट मारायचे. पहिल्या दिवशी लोकांनी करमणूक म्हणून बघितलं. पुढे ते त्यात शिरलेच. बिहारी आचारी तर अण्णा विसरले की आठवण करून द्यायचा, "अन्ना, भाभी थक गई होगी, पहले छाँव में बिठाओ." एक ड्रायव्हर म्हणाला, भाभींना गाढवावर नको, आपण खुर्चीत बसवून उचलून नेऊ. त्या खोलीतल्या एकानेही शालनवहिनींना पाहिलं नव्हतं, पण उन्हात त्यांची काळजी सगळे करायचे.

सप्टेंबरात बसेस सुटायला लागल्या. बसरा, बगदाद, मग जॉर्डन, आणि तिथून मुंबईला विमान. जागा कमी, माणसं फार. अण्णांचा नंबर आमच्या आधी लागला. त्यांनी आपली जागा बाळंतीण बायको असलेल्या एका तेलुगू माणसाला दिली. पुन्हा लागला, तर तापाने फणफणलेल्या सुताराला दिली. मी चिडले. "अण्णा, हा काय वेडेपणा? वहिनी वाट बघत असतील!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. नेहमीचं हसू नव्हतं ते.

"न्हाई ओ ताई. तिला बाग हाय. इतकी वर्सं मी असलो काय, नसलो काय, तिचं काय अडलं? ह्या लोकांची माणसं रडत असतील. माजं काय, आता छाटणीचे दिस आलं, तिला मान वर करायला फुरसत न्हाई." मग चादरीची घडी नीट करत म्हणाले, "मी काय रागानं बोलत न्हाई. ती तशीच हाय. मी तिला कधी म्हणालोच न्हाई की बाई, मला तिकडं करमत न्हाई. निस्तं म्हणायचो, चल, समुद्र बघाय चल."

इतके दिवस आम्ही त्या माणसाच्या मागे हसत फिरत होतो.

त्याच सुमाराला भारतातलं एक रेडिओ स्टेशन संध्याकाळी अडकलेल्या लोकांसाठी घरच्यांचे निरोप वाचून दाखवायला लागलं. बिहारी आचाऱ्याच्या ट्रान्झिस्टरभोवती सगळी खोली गोळा व्हायची. मल्याळममध्ये, हिंदीत, मराठीत निरोप. सगळे साधारण सारखेच. आम्ही ठीक आहोत, काळजी करू नका, लवकर परत या. आई बरी आहे. मुलीचं बारसं केलं. ज्याचं नाव येई तो रडे, बाकीचे त्याची पाठ थोपटत. अण्णा मागे उभे राहून ऐकायचे, पण बसायचे नाहीत. आपलं नाव येईल असं त्यांना वाटतच नव्हतं.

एका संध्याकाळी निवेदिकेने, शाळेत धडा वाचावा तशा आवाजात वाचलं: "दिनकर माने यांच्यासाठी, तालुका तासगाव येथून शालन माने यांचा निरोप. यंदाची छाटणी धाकट्या दिरांवर सोपवली आहे. तुम्हाला निघायला जमत नसेल तर मी तिकडे येते."

मग खोलीत हशा पिकला. सगळा देश जीव मुठीत धरून बाहेर पळतोय आणि ही बाई आत यायला निघालीय! हसनभाई डोळे पुसत म्हणाले, "अल्ला, वहिनींना व्हिसा कोण देणार आता?" आचारी ओरडला, "भाभी आ रही है!" आणि हसता हसता एकेकाच्या लक्षात येत गेलं आणि एकेक जण अण्णांकडे वळून बघायला लागला.

अण्णा भिंतीला टेकून खाली बसले होते.

"ताई, काय वाचलं त्यांनी?"

मी सांगितलं.

"छाटणी कुणावर?"

"दिरांवर, अण्णा."

ते हसनभाईंकडे वळले. "हसनभाई, तुमी ऐकलं? काय म्हणली?" हसनभाईंनी सांगितलं. मग त्यांनी श्रीकांतला विचारलं. मग हिंदीत आचाऱ्याला. प्रत्येकाने तेच सांगितलं आणि प्रत्येक वेळी अण्णा पहिल्यांदाच ऐकल्यासारखे मान पुढे करून ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

दोनच दिवसांनी बसची जागा आली. या खेपेला अण्णांचा आणि आमचा नंबर बरोबर लागला. बसच्या पायरीशी एक धडधाकट माणूस गयावया करत होता, भाईसाब, मुझे जाने दो, आप अगली में आ जाना. मला वाटलं, झालं, अण्णा आता उतरणार. मी त्यांचा दंड पकडला.

अण्णांनी मान हलवली. "न्हाई भाऊ, माफ करो. आज मैं नहीं दे सकता." आणि आत येऊन माझ्या शेजारी बसून, घाईघाईने पिशवी पायाशी ओढत मला म्हणाले, "मला जायलाच पायजे ताई. मी न्हाई गेलो तर ती खरंच येईल. तुमी वळखत न्हाई तिला."